धूर मोजला, पण काडी कोणी लावली?



राब भाजायला लागलो की दरवर्षी आपल्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. यंदा बोलणं नवीन होतं. पाड्यावर आलेले एक साहेब म्हणाले, "तुमच्या धुरानं सगळ्या जगाची हवा तापते. परदेशात विमानातून मोजलंय." म्हातारी माणसं गप्प बसली. विमानातून मोजलंय म्हटल्यावर बोलणार काय? मी बारावी शिकले, तरी मीही गप्पच बसले. त्याचा राग आला म्हणून नंतर मिळेल ते वाचलं. हा अग्रलेख त्या मोजणीबद्दल आहे.

ही मोजणी पुष्कळशी झाली ब्राझील देशात, अमेझॉनच्या जंगलात. तिथं पाऊस कमी झाला की झाडं पाडतात, उन्हात वाळू देतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पेटवतात. आठ-दहा गुंठे नाही, शेकडो एकर एका वेळी. पेटवणारा कोण? मोठा वाटा गुरांच्या धंद्यातल्या जमीनदारांचा. 1964 साली तिथं लष्कराचं राज्य आलं. सरकारनं कुरणं करणाऱ्या कंपन्यांना करात सूट दिली, स्वस्त कर्ज दिलं, जंगलातून हमरस्ते काढले. वर रीत अशी, की ज्यानं जंगल साफ केलं त्याचा जमिनीवर दावा पक्का. (आपण प्लॉट साफ केला की गुन्हा, त्यांनी केला की मालकी!) रस्त्याच्या कडेला आणून सोडलेले भूमिहीन शेतकरीही जाळतात, ते लपवायचं कारण नाही. पण त्याच जंगलात रबराचा चीक काढून जगणारे लोक झाडांपुढे उभे राहून तोड अडवत होते. त्यांचा पुढारी चिको मेंडिस. 22 डिसेंबर 1988 ला त्याला घराच्या दारात गोळी घातली. पुढं एका जमीनदाराला आणि त्याच्या मुलाला त्याबद्दल शिक्षा झाली.

आता धूर मोजतात कसा ते बघू. धूर काही तराजूत घालता येत नाही. म्हणून चार आकड्यांचा गुणाकार करतात. किती जमीन जळाली, एका हेक्टरवर किती लाकूडपाला होता, त्यातला किती खरोखर जळाला, आणि एक किलो जळालं की कोणता वायू किती निघतो. शेवटच्या आकड्यासाठी विमानं धुरात घालतात. 1985 च्या उन्हाळी दिवसांत अमेरिकेच्या आणि ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी मिळून अमेझॉनवर अशी विमानं फिरवली.

यातली निम्मी विद्या आपल्याला ठाऊक आहे. सुका पाला भडकून जळतो, धूर थोडा. ओला ओंडका धुमसतो, डोळे चोळवतो. भडकतं तेव्हा बहुतेक कार्बन डायऑक्साइड निघतो, धुमसतं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड जास्त. बंद खोलीत शेगडी ठेवून माणूस दगावतो तो याच वायूनं. अमेझॉनचे मोठे ओंडके पहिल्या आगीत पुरते जळतच नाहीत. निम्म्याहून जास्त लाकूड काळं होऊन पडून राहतं, नंतर कुजतं किंवा पुन्हा पेटवतात. मग ते कोणत्या वर्षाच्या हिशोबात धरायचं?

गुणाकारात एक आकडा चुकला की सगळंच चुकतं. त्याच जंगलाला हेक्टरी दीडशे टन म्हणणारे होते, साडेतीनशे म्हणणारेही होते. जमिनीचं तर विचारू नका. 1987 साली ब्राझीलच्या अवकाश संस्थेनं उपग्रहाच्या चित्रावरून सांगितलं, एका वर्षात 80 लाख हेक्टर जंगल जळालं. त्या चित्रात एक ठिपका म्हणजे सुमारे अडीचशे एकर. ठिपक्याच्या कोपऱ्यात थोडं पेटलं तरी अख्खा ठिपका तापलेला दिसतो. नंतर जास्त बारीक चित्रांवरून तोड मोजली, तेव्हा 1978 ते 1989 ची सरासरी निघाली वर्षाला 21 लाख हेक्टरच्या आसपास. तेही थोडं नाही. पण कुठं 80 आणि कुठं 21!

तरी 80 लाखांचा आकडा पुढं गेला. 1990 साली अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं जगाची हवा तापवणाऱ्या देशांची यादी काढली, त्यात तोच आकडा धरला. ब्राझील तिसरा आला आणि आपला देश पाचवा. 1991 साली दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी या यादीला उत्तर लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोटासाठी भात पिकवणाऱ्याचा वायू आणि चैनीसाठी मोटार उडवणाऱ्याचा वायू एका तागडीत कसा घालता? आणि माणशी हिशोब का करत नाही?

मला वाटतं, खरी गोम इथं आहे. विमानाला धूर कळतो, काडी कोणी लावली ते कळत नाही. आणखी एक गोष्ट त्याला कळत नाही, ती म्हणजे आगीनंतर तिथं काय होतं. कुरण केलं तर जंगल गेलं ते गेलं. तिथले आदिवासी लहान तुकडा जाळतात, दोन-चार वर्षं पिकवतात, सोडून देतात. जंगल परत उभं राहतं आणि हवेत गेलेला कार्बन झाड पुन्हा ओढून घेतं. आपल्या राबाचंही तेच. टहाळ तोडतो ते झाड उभंच असतं, पुढल्या पावसाळ्यात पुन्हा फुटतं. शेण, पातेरा वर्षाचा वर्षाला तयार होतो. धुरानं डोळे जातात, बायांना खोकला लागतो, हे मी नाकारत नाही. त्यावर आपण आपल्यात बोलू. पण जग तापवण्याचा ठपका आपण घ्यायचा आणि कूपच्या कूप साफ करणाऱ्या ठेकेदाराचं नाव कोणी घ्यायचं नाही, हे चालणार नाही.

आकड्याला आकड्यानंच उत्तर द्यावं लागेल. पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं लिहून आणावं: किती घरांनी राब भाजला, किती गुंठे, टहाळ कोणत्या झाडांचा, तीच झाडं मागच्या वर्षीही तोडली होती का. शेजारी कूप पडला असेल तर किती एकर, किती ट्रक गेले, तेही तारखेनिशी. शाळेत जाणारी पोरं लिहितील. वजनकाटा नसेल तर भारे मोजा.