नेपल्सच्या गल्लीत कॅमेरा नेताना

इटलीला जाणारे आपले बरेच लोक रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करतात. नेपल्सला उतरतात ते पॉम्पेई पाहण्यापुरते. तुम्हाला रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायची हौस असेल, तर एक दिवस नेपल्सच्या ‘क्वार्तिएरी स्पान्योली’ला द्या. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांना राहण्यासाठी ही वस्ती आखली गेली. व्हिया तोलेदो या मोठ्या रस्त्यावरून चढाच्या बाजूला वळलात की तुम्ही तिथेच पोचता.

पहिली गोष्ट. दार उघडं दिसलं म्हणून कॅमेरा आत वळवू नका. इथे तळमजल्यावर एकेका खोलीची घरं आहेत. त्यांना ‘बास्सो’ म्हणतात. दार थेट गल्लीत उघडतं. बाहेर खुर्ची टाकून भाजी निवडणारी आजी तुम्हाला रस्त्यावर दिसते, पण ती तिच्या घरातच बसलेली असते. चाळीच्या गॅलरीत कुणी परका येऊन तुमच्या आईचे फोटो काढू लागला, तर तुम्हाला चालेल का?

म्हणून आधी ‘बुऑन जोर्नो’ म्हणा. नजरानजर होऊ द्या. मग कॅमेरा किंचित उचलून ‘पोस्सो?’ विचारा, म्हणजे ‘काढू का?’ नको म्हणाले तर ‘ग्रात्सिये’ म्हणून पुढे चला. वाद घालू नका. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढूच नका.

विचारलं की सगळे सावरून बसतात, मजा जाते, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. तो सावरून बसलेला फोटो आधी काढा. मग तिथेच थोडं थांबा. दोन मिनिटांत तुमचं अप्रूप संपतं. आजी शेजारणीवर ओरडते, नातू पाय आपटतो, तुमचा खरा फोटो तेव्हा मिळतो.

फार भटकू नका. एक कोपरा निवडा आणि उभे राहा. वर दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. भिंतीतल्या देवळीत मेरीमाता असते, तिच्यापुढे दिवा आणि फुलं. अचानक चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली येते. तिला ‘पनारो’ म्हणतात. दुकानदार तीत पाव टाकतो, टोपली परत वर जाते. सगळं क्षणात होतं. त्यामुळे कॅमेरा बॅगेत नको, हातात हवा.

पण पट्टा गळ्यातून तिरका घाला. या गल्ल्यांतून स्कूटर अगदी अंगाला घासून जातात. चांगला फोटो दिसला म्हणून मागे न बघता दोन पावलं मागे सरकू नका. बॅग भिंतीकडच्या खांद्यावर ठेवा. पासपोर्ट हातात मिरवू नका, आतल्या खिशात जपून ठेवा. काही झालंच तर 112 हा नंबर लक्षात ठेवा.

फुटबॉलपटू मॅराडोनाचं इथलं भित्तिचित्र बघायला तुम्ही जाणारच. 1990 साली नापोली या त्याच्या इथल्या क्लबनं दुसऱ्यांदा इटलीची लीग जिंकली, तेव्हाचं ते चित्र आहे. पुढे त्याची डागडुजी झाली. भिंतीतली एक खिडकी नेमकी चेहऱ्याच्या जागी आली आहे, म्हणून चेहरा तिच्या झडपांवर रंगवलेला आहे. सगळे तिकडे तोंड करून फोटो काढतात. तुम्ही चित्राकडे पाठ करा. वर बघणाऱ्या माणसांचे चेहरे काढा. चित्राचे फोटो दुकानात हवे तेवढे विकत मिळतात.

दुपारी बरीच दुकानं बंद होतात. तेव्हा जेवून घ्या. 15 ऑगस्टच्या आसपास तर अर्धं शहर सुट्टीवर असतं, तो आठवडा शक्यतो टाळा.

आता घरी आल्यावरचं. फोटो लगेच फेसबुकवर टाकायची घाई करू नका. इटलीत 1941 च्या कायद्यानुसार एखाद्याचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. सार्वजनिक समारंभासारखे काही अपवाद आहेत, पण दारात बसलेली आजी त्यांत बसत नाही. म्हणून फोटो काढतानाच तो कुठे टाकणार ते सांगा. तिच्या नातवाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागून घ्या, आणि हॉटेलवर पोचलात की पहिला फोटो त्याला पाठवा.