‘ममीच्या शापातून कॅन्सरचं औषध’: त्या रीलमध्ये खरं किती?

मागच्या आठवड्यात एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर रील पाठवली. पिरॅमिड, ममी, भीतीदायक म्युझिक आणि वर ठळक अक्षरांत ‘ममीच्या शापातून कॅन्सरचं औषध!’ त्याच्या धाकट्या भावाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. केमो चालू आहे. रीलखाली त्याने एवढंच लिहिलं होतं, “हे आपल्याकडे कधी मिळेल रे?”

म्हणून मी नीट शोधून वाचलं. बातमी खोटी नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या टीमचं हे संशोधन ‘नेचर केमिकल बायॉलॉजी’ या जर्नलमध्ये आलं. बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. तुतनखामेनची कबर उघडल्यावर झालेल्या मृत्यूंचा संशय या बुरशीवर घेतला जातो, पण तो संशयच. ममीचा संबंध इथेच संपतो. बाकीचं काम लॅबमध्ये वाढवलेल्या बुरशीवर झालंय.

ही बुरशी बघायला इजिप्तला जायची गरजही नाही. दमट जागी राहिलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर येणारी पिवळट हिरवी बुरशी बऱ्याचदा हीच असते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या काही गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरहून जास्त माणसं दगावली होती. दाणे भाजले की विष जातं असं समजू नका, ते भाजण्याला पुरून उरतं.

मग विष बनवणारी बुरशी औषधाच्या कामाचं काहीतरी कसं बनवते? उत्तर तिच्या जीन्सच्या मांडणीत आहे. एखादं रसायन बनवायला लागणारे जीन्स बुरशीच्या डीएनएवर बहुतेक वेळा शेजारी शेजारी असतात, फोनमधल्या एका फोल्डरसारखे. अफ्लाटॉक्सिनच्या फोल्डरमध्ये पंचवीसहून जास्त जीन्स आहेत. बहुतेक जीन्स एकेक एन्झाइम बनवतात, प्रत्येक एन्झाइम रसायनावर एकेक प्रक्रिया करतं, आणि सगळं चालू करणारा मुख्य स्विचही त्याच फोल्डरमध्ये असतो. पेनिसिलिनचं फोल्डर लहान, मुख्य जीन्स तीनच. गंमत म्हणजे सोया सॉससाठी वापरतात ती कोजी बुरशी आपल्या फ्लेव्हसची अगदी जवळची नातलग. तिच्याकडेही अफ्लाटॉक्सिनचं फोल्डर आहे, पण बंद पडलेलं.

एकट्या फ्लेव्हसमध्ये अशी पन्नासहून जास्त फोल्डर असावीत असा अंदाज आहे. लॅबमध्ये आयतं खायला मिळालं की त्यातली बरीचशी उघडतच नाहीत, त्यामुळे पूर्वी शास्त्रज्ञांना त्यांचा पत्ताच लागत नव्हता. आता आख्खा डीएनए वाचणं स्वस्त झालंय आणि ‘अँटीस्मॅश’सारखी फुकट सॉफ्टवेअर्स ही फोल्डर शोधून देतात. माझ्या मते खरी बातमी ही आहे, पण हिच्यावर रील कोण बनवणार!

या टीमने अ‍ॅस्परजिलसचे डझनभर प्रकार तपासले आणि फ्लेव्हसवर थांबले. संशयित जीन बंद केला तर रसायनही गायब झालं, म्हणजे ते तिथूनच येत होतं. त्यातून चार रेणू वेगळे काढले. नाव दिलं अ‍ॅस्परिजिमायसिन. आधी जीनवरून अमिनो आम्लांची साखळी तयार होते आणि मग एन्झाइम्स तिला एकमेकांत अडकलेल्या कड्यांचा आकार देतात. चारपैकी दोन रेणूंनी ल्युकेमियाच्या पेशींवर जोरदार परिणाम दाखवला. आणखी एका रेणूला मधमाश्यांच्या रॉयल जेलीत असते तशी चरबी जोडली, तर तो सायटाराबिन आणि डॉनोरूबिसिन या औषधांच्या तोडीस तोड ठरला. ही दोन्ही औषधं आज ल्युकेमियाच्या पेशंटना प्रत्यक्ष दिली जातात. मित्राच्या भावाच्या फाइलवर त्यातलं एक नाव आहे, म्हणून मी ते वाक्य दोनदा वाचलं.

पण हे सगळं झालं ते लॅबमधल्या पेशींवर. स्तन, लिव्हर आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर या रेणूंचा जवळपास काहीच परिणाम झाला नाही. हा रेणू दिसेल त्या पेशीवर तुटून पडत नाही, त्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. मात्र ‘कॅन्सरचं औषध’ म्हणणं त्यामुळेच चूक. पुढची पायरी प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या. यात वर्षं जातात आणि बरेचसे रेणू वाटेतच गळतात.

मित्राला तसंच लिहिलं: इतक्यात नाही, चालू आहे ती ट्रीटमेंट सोडू नका. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगितली. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना अ‍ॅस्परजिलस बुरशी श्वासातून फुफ्फुसात वाढली तर ते जिवावर बेतू शकतं. रील बघून कुणी घरात बुरशीचे प्रयोग करायला नकोत.

पाच मिनिटं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग रिप्लाय आला, “त्याच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय. काळे डाग पडलेत. आजच त्याला दुसऱ्या खोलीत हलवतो आणि डॉक्टरांना फोन करतो.”