शेराचं कुंपण बांधावर परत हवं

शिंदखेडा, पारोळा, अमळनेरच्या कोरडवाहू शिवारात सिमेंटचे खांब आणि काटेरी तार ही ऐपतीची खूण झाली आहे, आणि बांधावरचं शेराचं झुडूप अडगळ. हा हिशेब उलटा आहे. शेर मूळचा आफ्रिकेचा, पण खान्देशाच्या उन्हाळ्यासाठीच घडवल्यासारखा. पानं नावापुरती, पेन्सिलीएवढ्या जाड हिरव्या कांड्याच पानांचं काम करतात आणि त्यांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. त्यामुळे पारा ४५ अंशांवर गेला तरी पाणी फारसं उडत नाही. हातभर फांद्या तोडाव्यात, चीक वाळेपर्यंत चार-आठ दिवस सावलीत ठेवाव्यात आणि मृगाच्या आसपास फूटभर अंतरावर खोचाव्यात. पाणी साचू दिलं नाही, की झालं. काळ्या जमिनीत मात्र बांधाचा उंचवटाच निवडावा, नाहीतर बुंधा सडतो.

चीक विषारी आहे, हा आक्षेप खराच. डोळ्यात गेला तर तीव्र दाह होतो, दृष्टीलाही धोका असतो. छाटताना चष्मा-हातमोजे हवेत, अंगणवाडीजवळ तर शेर नकोच. पण याच चिकामुळे गुरं त्याला तोंड लावत नाहीत. दाट कुंपणाला दोन-तीन वर्षं लागतात, रानडुक्कर तेवढ्यानं थांबेलच असं नाही, आणि केळीच्या बागायतदाराला बांधाची जागा जड वाटेल. त्यानं तार लावावी. कोरडवाहू शेतकऱ्यानं कर्ज काढून तार घेण्याआधी यंदा एका बांधावर शेर लावून पाहावा. फांद्या शेजारी फुकट देतो.