देवाच्या पैशाचा हिशेब मागणारी मंडळी

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. कार्तिकी जवळ येतेय. साजगावात बोंबल्या विठोबाच्या यात्रेची तयारी सुरू होईल, आसपासच्या गावांतली छोटी-मोठी मंडळं पावतीपुस्तकं बाहेर काढतील. त्याआधी हे लिहून टाकतो. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका उत्सव मंडळाचा खजिनदार होतो. निम्मा जमाखर्च वहीत आणि निम्मा माझ्या डोक्यात. उत्सवानंतरच्या मिटिंगमध्ये एका वहिनींनी विचारलं, "मंडपाला एवढे कसे काय लागले?" मी म्हणालो, "वहिनी, देवाच्या कामात कुठे हिशेब काढताय?" सगळे हसले. वहिनी गप्प बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी वर्गणी दिली, पण मिटिंगला आल्या नाहीत. मी पैसे खाल्ले नव्हते. पण हे त्यांना कळणार कसं? वही तर माझ्याच घरी होती.

ही गोष्ट मी विसरलोही होतो. मग कंपनीतला एक सहकारी मला त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेला. पनवेलच्या बाजूला भाड्याच्या हॉलमध्ये भरणारं छोटंसं बाप्टिस्ट चर्च. काम वेगळंच होतं, पण त्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांची वार्षिक सभा होती, म्हणून मी पाहुणा म्हणून मागच्या खुर्चीवर बसून राहिलो. चाळीसेक माणसं असतील. खजिनदाराने प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स दिली: वर्षभरात अर्पण किती आलं, भाडं, लाइटबिल, पाळकांचं मानधन, आजारी कुटुंबांना मदत, बँकेत शिल्लक किती. घरकाम करणाऱ्या एका मावशींनी उभं राहून विचारलं, "प्रवासखर्च मागच्या वर्षापेक्षा जास्त का?" कोणी हसलं नाही. खजिनदाराने पावत्यांची फाइल उघडली आणि उत्तर दिलं. पाळकांच्या मानधनाचा विषय आला तेव्हा पाळक स्वतः उठून बाहेर गेले. हात वर झाले, मोजले गेले, इतिवृत्तात लिहिलं गेलं.

मी मागे बसून त्या मावशींकडे बघत होतो आणि मला आमच्या वहिनी आठवत होत्या.

गंमत बघा, मराठी ख्रिस्ती माणूस 'चर्च'ला मराठीत म्हणतो 'मंडळी'. इमारत वेगळी, मंडळी वेगळी. मंडळी म्हणजे तिथली माणसं. बाप्टिस्टांनी हा शब्द कारभारातही खरा करायचा प्रयत्न केला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधून हॉलंडला गेलेल्या काही माणसांनी १६०९ च्या सुमारास हा पंथ सुरू केला. म्हणणं साधं होतं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नाही, तर समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्याला. आणि जो समजून आत आला, त्याला कारभारातही मत. म्हणून वर बिशप नाही. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. पाळक कोण हे मंडळी ठरवते आणि नको असेल तर निरोपही मंडळीच देते. पाळकांच्या जोडीला डीकन, म्हणजे सेवक. पाळकाने शिकवण आणि प्रार्थना सांभाळायची, सेवकांनी पैसा, मदत, व्यवस्था. अनेक मंडळ्या एकत्र येऊन संघ करतात, पण संघ त्यांच्यावर हुकूम चालवत नाही.

हे सेवकपद कुठून आलं तेही वाचण्यासारखं आहे. बायबलमध्ये 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तक्रार आहे की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी त्यांना "देवाच्या कामात हिशेब काढता का?" असं विचारलं नाही. लोकांनाच सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा, त्यांच्याकडे हे काम देऊ. बहुतेक चर्च सेवकपदाचं मूळ या प्रसंगात शोधतात. म्हणजे एका तक्रारीतून जबाबदारीचं पद उभं राहिलं. आपल्याकडे तक्रारीतून बहुतेक वेळा फक्त भांडण उभं राहतं.

आता कोणी म्हणेल, चर्चचं फार कौतुक चाललंय. नाही हो. तिथेही माणसंच आहेत. विल्यम केरी हे नाव मराठीच्या अभ्यासकांना माहीत आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून त्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली शब्दकोश. ते बाप्टिस्ट मिशनरी. ते आणि त्यांचे साथीदार मार्शमन आणि वॉर्ड आपापली कमाई एकाच सामायिक तिजोरीत टाकत. तरीही श्रीरामपूरची मालमत्ता कोणाच्या ताब्यात, यावर लंडनच्या सोसायटीशी वाद पेटला आणि १८२७ साली दोघे वेगळे झाले. समेट झाला १८३७ ला. केरी त्याआधीच, १८३४ साली गेले होते. चांगली माणसं आहेत एवढ्यावर भागत नाही, कागद लागतो.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंघटना एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. त्यात उत्तर भारतातले बाप्टिस्टही होते. बिशप न मानणारे आणि बिशप मानणारे एका छपराखाली आले. नवीन संस्थेत बिशप राहिले. एकीचं मोठं काम होतं ते. पण मालमत्तेचे वाद पुढे कोर्टात गेले. सामील झालेल्यांपैकी ब्रेदरन चर्चच्या गुजरातमधल्या मालमत्तेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने सार्वजनिक न्यासाची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची प्रक्रिया पाळावी लागते. तो कायदा १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. आपल्याकडे आता तो महाराष्ट्राच्या नावाने आहे. आपल्या गावोगावच्या देवस्थानांनाही हाच लागू आहे.

इथे थांबून विचार करा. चर्च म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "पैसा येतो कुठून?" प्रश्न रास्त आहे. परदेशी देणगीसाठी २०१० चा वेगळा कायदा आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. त्या हॉलमधली झेरॉक्स मात्र सगळी तिथे बसलेल्यांच्या खिशातली होती. पण समजा चर्चला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे, तर तोच प्रश्न आपल्या मंडळाला विचारला की आपण नास्तिक कसे ठरतो?

कायदा आपल्या बाजूने आहे. नोंदणीकृत न्यासाला दरवर्षी हिशेब ठेवावे आणि तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळाला वर्गणी गोळा करायची तर कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते. आणि मंदिरात दर्शनाचा हक्क असलेला साधा भाविकसुद्धा कायद्याच्या भाषेत 'हितसंबंधित व्यक्ती' आहे. म्हणजे आमच्या वहिनी. मी त्यांना जे बोललो ते उद्धट तर होतंच, शिवाय चुकीचंही होतं.

साजगावच्या देवस्थानाविषयी माझी काही तक्रार नाही, हे स्पष्ट लिहितो. उलट हिशेबाची गोष्ट आपल्या विठोबालाच शोभते. तुकोबा मिरच्या घेऊन कोकणात उतरले, गिऱ्हाइकांनी आपल्या हाताने माप घेतलं, पैसे बुडवले, आणि मग विठोबाने स्वतः जाऊन वसुली केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देवाने वसुलीला संकोच केला नाही, आपण कशाला करायचा?

कोणी म्हणेल, तुकोबांनी तर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. बुडवली, पण स्वतःच्या वाट्याची. भावाचा अर्धा वाटा भावाला देऊन मग. स्वतःचं येणं सोडणं म्हणजे वैराग्य. दुसऱ्याचा हिशेब बुडवणं म्हणजे वैराग्य नाही, त्याला गावात वेगळा शब्द आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खालापूर-कर्जतच्या प्रत्येक मंडळाने, मग ते गणपतीचं असो, हरिनाम सप्ताहाचं असो, उरुसाचं असो की चर्चचं, चार साध्या गोष्टी कराव्यात. पेटी उघडताना दोघांनी मोजावं आणि दोघांनी सही करावी. खातं बँकेत असावं, एकट्याच्या सहीवर पैसे निघू नयेत. उत्सव संपल्यावर महिन्याभरात जमाखर्चाचा कागद फलकावर लावावा. आणि सभेत बायकांनी प्रश्न विचारला तर हसू नये, उत्तर द्यावं. यातली एकही गोष्ट परदेशातून आणावी लागत नाही.

आमच्या मंडळाची ती जुनी वही मी शोधून काढली आहे. काही पावत्या सापडत नाहीत, तेवढी रक्कम मी माझ्या खिशातून भरणार आहे. येत्या रविवारी वही घेऊन आधी वहिनींकडे जाणार. मंडपाच्या खर्चाचं उत्तर त्यांना द्यायचं राहिलं आहे.