कापणाऱ्या हाताची जबाबदारी कोणाची?

कापड कापताना बोट कापले की शिलाईच्या धंद्यात एकच निदान ठरलेले असते : लक्ष नव्हते. मालक असे म्हणतो, मुकादम असे म्हणतो, आणि वर्षानुवर्षे हेच ऐकून कापणाराही स्वतःविषयी तेच म्हणू लागतो. गोधडी आणि रजई यांच्या धंद्यात बरेचसे काम स्त्रियांच्या हाती आणि घरच्या घरी चालते. तेथे या निदानाला घरगुतीपणाचा मुलामा मिळतो. भाजी चिरताना बाईचे बोट कापते, तसेच हे, असे म्हणून विषय मिटविला जातो. हे निदान खोटे आहे, आणि त्याचा खोटेपणा पात्याचा व्यवहार पाहिल्याशिवाय ध्यानी येणार नाही.

कारखान्यात कापडाचे अनेक थर लांब टेबलावर एकावर एक अंथरले जातात. उभे पाते वेगाने खालीवर करणारे विजेचे यंत्र एका हाताने थरांतून पुढे ढकलावयाचे आणि दुसऱ्या हाताने थर दाबून धरावयाचे, ही कामाची रीत. पात्यासमोर येतो तो हा दुसरा हात, बहुधा डावा. त्याच्यासाठी पोलादी कड्या गुंफून केलेला मोजा मिळतो. पात्यापुढे वरखाली सरकणारा गार्डही असतो. तो थराला टेकेपर्यंत खाली आणला म्हणजे वरचे उघडे पाते झाकले जाते. पात्याला वेळोवेळी धार लावावी लागते, कारण बोथट पाते जोर मागते आणि जोर लावलेला हात सटकतो. धार, गार्ड आणि मोजा या तिन्ही गोष्टींत कापणाऱ्याच्या ‘लक्षा’चा वाटा किती? मोजा पैशाने येतो; गार्ड खाली करावयास आणि धार लावावयास वेळ लागतो, आणि नगावर मजुरी असेल तेथे तो वेळ कापणाऱ्याच्या पोटातून जातो. गार्ड वर बांधून ठेवलेला दिसतो तो बेफिकिरीमुळे नव्हे. मजुरीच्या दराने तो वर बांधला आहे.

मोजा म्हणून वाटेल तो मोजा देऊन भागत नाही, हेही सांगावयास हवे. साधा सुती किंवा सैल मोजा फिरत्या पात्याजवळ घातला तर त्याचा धागा अडकून बोटच ओढले जाण्याचा धोका असतो. तपासणीच्या दिवशी बाजारातून स्वस्त मोज्यांचा गठ्ठा आणून वाटणारा मालक आपले कर्तव्य बजावीत नाही. तो नवा अपघात विकत आणतो. पूर्वीच्या शिंप्याच्या बोटात अंगुस्तान असे. सुईपासून बोट राखण्याची अक्कल या धंद्याला फार जुनी आहे. ती पात्यापाशी येऊन का थांबावी?

१९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने कापड कापण्याचे गोल फिरते पाते बाजारात आणले. अमेरिकेत आणि जपानमध्ये हौसेने रजया करणाऱ्या लोकांत ते पसरले. त्याचा धोका साधा आहे : पट्टीच्या कडेने चालणारे पाते घसरून पट्टी धरलेल्या हातावर येते. म्हणून त्या हातासाठी न कापला जाणारा मोजा, पट्टीला उंच कड, पाते झाकणारे टोपण अशा वस्तू तेथील दुकानांत सहज मिळतात. हौसेसाठी तुकडे कापणाऱ्या बाईच्या बोटांची काळजी बाजाराला वाहावीशी वाटते, पोटासाठी कापणारीच्या बोटांची वाटत नाही. पहिली गिऱ्हाईक आहे आणि दुसरी मजूर, याखेरीज दोघींच्या हातांत कोणताही फरक नाही.

ही दुसरी बाई कोणत्या साधनांनी काम करते? कतरणीचे गाठोडे किलोवर येते. त्यातले चांगले तुकडे निवडावयाचे, जुनी शिवण उसवावयाची आणि चौकोन कापावयाचे. त्यासाठी जड कात्री आणि दाढीचे अर्धे ब्लेड, ज्याला मूठ नाही. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडतो, बोटाला चिंधी बांधून काम पुढे चालते. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून रजयांच्या खोळी शिवणाऱ्या बायकांना १९७२ साली स्थापन झालेल्या ‘सेवा’ या संघटनेने एकत्र आणले, तेव्हा लढा प्रामुख्याने खोळीमागे मिळणाऱ्या दराचा होता, आणि ते योग्यच होते. दर कमी म्हणून रात्र लांबते, आणि अपुऱ्या उजेडात पेंगुळलेल्या डोळ्यांनी कात्री चालते. बोटाचा प्रश्न दराच्या प्रश्नाहून निराळा नाही.

कायद्याने मात्र बोटाचा विचार केला आहे, पण ते गेल्यानंतरचा. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेची हानी १४ टक्के, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७ आणि अंगठा ३० टक्के असा तक्ता होता. हाड न गमावता करंगळीचे नुसते टोक छाटले गेले तर २ टक्के! कापणाऱ्याचे सारे कसब बोटांच्या टोकांत असते, हे तक्ता करणाऱ्यांना कोणी सांगितले नसावे.

टोक छाटले जाण्यापूर्वीचा कायदा याहून तोकडा. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला १० आणि विजेविना चालणाऱ्या जागेला २० कामगारांची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती २० आणि ४० वर नेली. सुरक्षेच्या साधनांचा खर्च कामगाराकडून घेता येणार नाही, असे तीच संहिता बजावते. परंतु दहापेक्षा कमी माणसांच्या खोलीत ती सामान्यतः पाऊलच ठेवीत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने घरून काम करणाऱ्याची व्याख्या करताना तो ‘मालकासाठी’ माल तयार करतो असे स्पष्ट म्हटले आणि मग त्याला असंघटितांच्या यादीत घालून त्या मालकाला मोकळे सोडले. व्याख्येत मालक आहे, जबाबदारीत नाही. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार भारताने मान्य केलेला नाही, हे या संदर्भात आठवावे.

यावर सांगितले जाते की छोटा कारखानदार स्वतःच गांजलेला आहे, त्याला पोलादी मोजा परवडणार नाही. क्षणभर हे खरे धरू. पण तो कापतो कोणासाठी? त्याच्या वर व्यापारी आहे, व्यापाऱ्याच्या वर निर्यातदार. मालाची किंमत वर ठरते आणि बोटे खाली कापली जातात. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी तंबाखू-पाने घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो कायदा उचलून धरला. तंबाखू देणारा मालक ठरतो, तर कतरण देणारा का नाही? महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमून व्यापाऱ्यांकडून लेव्ही वसूल करण्याची रीत घालून दिली. तशीच लेव्ही कापडाच्या ठोक व्यवहारावर बसवून कापणाऱ्यांसाठी मंडळ का नेमू नये, याचे उत्तर सरकारने द्यावे.

पुरोगामी मंडळींनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. गोधडीच्या प्रदर्शनात आजीच्या मायेची ऊब फार सांगितली जाते. ती शिवणारीला तासाला काय पडले, हे क्वचितच विचारले जाते. कामगार संघटनांचे दुर्लक्ष तर अधिक बोचणारे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि काम लहान खोल्यांत विखुरले, परंतु संघटनांचे मेळावे मात्र मोठ्या फाटकांपुढेच भरत राहिले.

कार्यकर्ता या खोल्यांत जाईल तेव्हा एका अडचणीची तयारी त्याने ठेवावी. पोलादी मोजा प्रथम स्वतः कापणाराच काढून ठेवील. त्याने हात मंदावतो आणि दिवसाचे नग घटतात, असे तो म्हणेल, आणि ते खोटे नसेल. त्याला सुरक्षिततेवर व्याख्यान देणे म्हणजे मालकाचे ‘लक्ष नव्हते’ हे वाक्य निराळ्या शब्दांत ऐकविणे होय. मोज्याची मागणी नगाच्या दरापासून तोडून करता येणार नाही. धार लावण्याचा, गार्ड खाली करण्याचा आणि मोज्याने मंदावलेल्या हाताचा वेळ दरात धरला जावा, आणि घरी कापणारीच्या दरात कात्री व मोजा यांचा खर्च व्यापाऱ्याच्या नावे वेगळा मांडला जावा, ही मागणी वाटाघाटीच्या पहिल्या कागदावर, बोनसच्या वरच्या ओळीत लिहिली गेली पाहिजे.