मशीन घ्या, पण बैठक मोडू नका

मैत्रिणींनो, गोधडी एकटीने शिवता येते, पण आपल्याकडे ती सहसा कुणी एकटीने शिवत नाही. एप्रिल-मे महिन्यातली दुपार, जेवणं उरकलेली, भांडी घासून पालथी घातलेली. कुणाच्या तरी ओटीवर धुतलेल्या जुन्या साड्यांचे थर अंथरले जातात आणि चार बाजूंना चौघीजणी बसतात. सुया चालतात तशी तोंडंही चालतात. लेकीचं स्थळ, सुनेचं बाळंतपण, नवऱ्याची सुटलेली नोकरी, डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन, सगळं त्या थरांवर येऊन पडतं. एकमेकींच्या तोंडाकडे बघून जे बोलवत नाही, ते सुईकडे बघत बोलता येतं. गोधडीची ऊब नुसती कापडातून येत नाही, ती अशीही येते.

आता या बैठकीत एक नवा विषय आला आहे, शिलाई मशीनचा. आमच्या चिंचणीत काय किंवा शेजारच्या वरोर, तारापूर, बोईसरला काय, बचत गटाकडे चार पैसे साठले की पहिला विचार मशीनचाच होतो. लगेच दोन तट पडतात. तरुण मुली म्हणतात, "हाताने महिना लावायचा आणि मिळायचे किती? मशीन घेऊ." वयस्कर बायका म्हणतात, "मशीनची गोधडी ती कसली गोधडी? पत्र्यासारखी ताठ!" खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर आहे. म्हणूनच हा निर्णय भावनेच्या भरात घ्यायचा नाही आणि दुकानदारावरही सोपवायचा नाही.

मशीन ही काही बाईची वैरीण नाही. आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत १८५१ मध्ये आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही शिलाई मशीनला आपल्या टीकेतून वगळलं होतं, कारण ते माणसाचे कष्ट कमी करतं. आपल्या देशात १९३०च्या दशकात कोलकात्याच्या कारखान्यातून उषा मशीन निघू लागली आणि पुढे ती मध्यमवर्गीय घराघरांत पोचली. किती विधवांनी, किती टाकलेल्या बायकांनी त्या काळ्या पायमशीनवर मुलांची शिक्षणं केली, ते आपण आजूबाजूला पाहिलेलंच आहे.

पण मशीनला सगळंच जमत नाही. हाताचा धावदोरा सैल असतो, थरांना थोडं हलू देतो, म्हणून हातची गोधडी मऊ लागते आणि धुतल्यावर आणखी मऊ होते. मशीनची टीप घट्ट बसते. ओळी फार जवळ घातल्या तर गोधडी ताठ होते. उलट तुकडे जोडून वरचा थर तयार करणं, काठ लावणं, कडा दुमडून शिवणं ही कामं मशीन तासाभरात करतं आणि पक्की करतं. तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. जोडकाम मशीनवर करा आणि मधले टाके हाताने घाला. वेळ वाचतो, गोधडी मऊ राहते आणि चौघींची बैठकही टिकते.

आता मशीन कोणतं घ्यायचं? दुकानात जाताना जुन्या साडीचे सहा थर कच्च्या टाक्यांनी जोडून एक तुकडा सोबत न्या आणि तो तिथेच शिवून बघा. ब्लाउजच्या एकेरी कापडावर कुठलंही मशीन छान चालतं, खरी परीक्षा थरांवर होते. टीप सुटते का? खालचा थर पुढे आणि वरचा मागे राहून चुण्या पडतात का? फूट पुरेसा वर उचलला जातो का? फूटचा दाब कमी करता येतो का? वरचं कापडही पुढे सरकवणारा वेगळा फूट, ज्याला वॉकिंग फूट म्हणतात, त्या मशीनला बसतो का? हे सगळं विचारा. लाजायचं नाही, पैसे आपले आहेत.

दुसरी गोष्ट, सुई आणि मशीनचा खांब यांच्यामधली जागा बघा. घरगुती मशीनला ती साधारण वीतभर असते. आख्खी गोधडी मधोमध शिवायची तर निम्मी गोधडी गुंडाळून त्या वीतभर जागेत कोंबावी लागते. म्हणून मोठी गोधडी आधी पट्ट्यांनी शिवायची आणि मग पट्ट्या जोडायच्या, हा सोपा मार्ग. सुई नेहमीची चौदा नंबरची नको, थरांसाठी सोळा किंवा अठरा नंबरची घ्या आणि टाका लांब ठेवा. भरतकामाच्या शंभर नक्ष्या असलेलं मशीन दिसायला मोहक असतं, पण गोधडीला सरळ टीप पुरते. टेबलावरची हलकी छोटी मशीनं जाड थरांवर दमतात. कारखान्यातलं जुकीसारखं मशीन दणकट आणि वेगवान असतं, पण ते जागा अडवतं, वीज खातं आणि रोजचं काम असेल तरच परवडतं. नव्याने सुरुवात करणाऱ्या गटाला साधी, लोखंडी, पायाने चालणारी मशीन अजूनही उत्तम. पावसाळ्यात वीज गेली तरी ती थांबत नाही आणि पुढे मोटर बसवता येते.

आपण किनाऱ्यावर राहतो हेही विसरू नका. खारा वारा आणि पावसाळ्याची ओल लोखंडाला सुखाने राहू देत नाही. मशीन खिडकीपासून लांब ठेवा, काम झालं की पुसून सुती कापडाने झाका आणि नियमित तेल घाला. दुरुस्ती करणारा बोईसरला मिळतो की थेट मुंबई गाठावी लागते, हे मशीन घेण्याआधी विचारा. सुटे भाग मिळत नसतील तर स्वस्त मशीनही महागात पडतं.

पण गट फुटतात ते मशीन बिघडल्याने नव्हे, ते कुणाचं यावरून फुटतात. ज्या घरात मशीन ठेवलं ते घर हळूहळू मालकीण होतं आणि बाकीच्या मजूर. वीजबिल कोण भरतं, सुई तुटली तर कुणी आणायची, जोडकाम करणारीला जास्त की टाके घालणारीला, या लहान गोष्टींवरून वर्षांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. म्हणून बिल गटाच्या नावावर घ्या. ज्या घरात मशीन ठेवाल तिला ठरलेलं भाडं द्या. कुणी किती तास बसलं ते वहीत लिहा आणि हाताच्या टाक्यांचा तासही मशीनच्या तासाइतकाच धरा. ही वही अविश्वासाची नाही, मैत्री टिकवायची आहे.

एकत्र शिवण्यात बळ असतं हे इतरांनी दाखवून दिलं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांची कवंदी हाताने शिवतात. काठापासून सुरुवात करून मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. २००४ मध्ये त्यांनी सहकारी गट सुरू केला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९६६ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवलं या कारणाने त्या भागात अनेकांच्या हातची कामं आणि राहती घरं गेली होती. अशा दिवसांत सुई-दोऱ्याने घरात पैसा आणला.

एक सावधगिरीची गोष्ट. मोबाइलवर "मोफत शिलाई मशीन योजना" असे निरोप फिरतात. त्यातले बरेच खोटे असतात. त्यावर आधार क्रमांक किंवा बँकेची माहिती देऊ नका, अर्जासाठी पैसे तर मुळीच भरू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. तिच्यात प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पुढे कर्जाची सोय आहे. ग्रामपंचायतीत किंवा सामाईक सेवा केंद्रात जाऊन नीट चौकशी करा. चौघींनी मिळून जा, म्हणजे कुणी टोलवणार नाही.

आणखी एक सांगते. हल्ली साड्या सुती राहिल्या नाहीत. सिंथेटिक साडी निसरडी असते, घाम टिपत नाही आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. बाळाच्या दुपट्यासाठी तरी सुतीच कापड निवडा.

मशीन येईल, यायलाच हवं. त्याने आपली बोटं वाचावीत, पाठ वाचावी, चार पैसे हातात यावेत. पण त्याच्या घरघरीत एखादीचं दबकं बोलणं ऐकू येईनासं झालं, तर तो सौदा तोट्याचा. म्हणून जोडकाम झालं की मशीनवर कापड झाका आणि ओटीवर या. चौथा कोपरा रिकामा असेल, तर ती का आली नाही हे विचारायला तिच्या घरी जा.