होडी पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या घराण्यात आजवर कुणी होडी विकत घेतलेली नव्हती. आजोबांनी एक म्हैस घेतली, वडिलांनी एक जुनी लँब्रेटा घेतली आणि मी हप्त्यांवर दोन खोल्या घेतल्या. तिन्ही व्यवहारांचा पश्चात्ताप पुढे बरेच दिवस पुरला. तेव्हा २०२३ सालच्या जूनमध्ये आम्ही उभयता अमेरिकेत ताईकडे जाऊन उतरलो आणि तिसऱ्याच दिवशी भावोजी म्हणाले, "मास्तर, शनिवारी होडी बघायला यायचं आहे," तेव्हा मला वाटले, एखादी ऐतिहासिक होडी संग्रहालयात ठेवली असेल. नुसती बघायची असती तर माझी काहीच हरकत नव्हती.

ताई राहते मेरीलंड राज्यात, अॅनापोलिस गावापासून अर्ध्या तासावर. तिथे चेसापीक नावाचा उपसागर आहे. लांबी सुमारे दोनशे मैल आणि सरासरी खोली अवघी एकवीस फूट! आमच्या गावची विहीर याहून खोल आहे. पण या उथळ पाण्याचे त्या लोकांना विलक्षण वेड. भावोजींना हवी होती केबिन क्रूझर. म्हणजे जिच्या पोटात चौघांना पाठ टेकता येईल एवढी खोली, एक शेगडी, एक बेसिन आणि बसल्यावर गुडघे भिंतीला टेकतील असा एक संडास असतो, ती. नवी घेणे आवाक्याबाहेरचे. ही सव्वीस फुटी, २००१ साली बांधलेली, अठरा हजार डॉलरला मिळत होती.

"पण हवी कशाला?" मी ताईला ओट्यापाशी विचारले.

"अरे, पोरगा पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, मग कसला सापडतोय! आत्ता घरात असतो, पण सदा दार लावून. ह्यांना वाटतं, होडीत दार लावून बसायला जागाच नसते." हे सांगताना ताई हसली नाही, म्हणून मीही हसलो नाही.

शनिवारी आम्ही गेलो. होडीचे मालक सत्तरीचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. होडी पॉलिश करून अशी चकचकीत ठेवली होती की, भावोजींनी चक्राला हात लावला आणि तिथेच त्यांचा निकाल लागला. मुलगी पाहायला जाऊन पोह्यांच्या पहिल्या घासालाच होकार देणारी मुले असतात, त्यातला हा प्रकार. आमच्या सौभाग्यवती मात्र धक्क्यावर वाकून होडीच्या मागच्या अंगावर बोटाने टिचक्या मारीत होत्या. "काय करतेस?" मी हळूच दटावले. "माठ घेताना नाही का वाजवून बघत?" त्या म्हणाल्या, "इकडे बद्द वाजतंय." परक्या देशात बायकोचे असे काही ऐकायचे नसते, म्हणून मी ते ऐकले नाही.

सुदैवाने तिथली रीत चांगली आहे. दहा टक्के विसार द्यायचा, आणि करारात लिहून घ्यायचे की तपासनिसाने होडी पसंत केली नाही तर विसार परत. हा तपासनीस फुटाला पंचवीस डॉलर घेतो. होडी पट्ट्यांवर उचलून पाण्याबाहेर काढायचे पैसे निराळे. पुढच्या आठवड्यात तो आला. विजेरी धरायला कुणी तरी हवे म्हणून भाच्याला गादीवरून उठवून नेले होते. तो कानात बोंडे घालून उभा.

तपासनिसाने पहिल्याप्रथम इंजिनावर हात ठेवला. इंजिन कोमट होते. "तुम्हाला थांबायला नको म्हणून आधीच सुरू करून ठेवलं," मालक म्हणाले. तपासनीस काही बोलला नाही, त्याने वहीत टिपून घेतले. थंड इंजिन सुरू होताना जे काही बोलते, ते आता ऐकायला मिळणार नव्हते. मग तासांचा काटा पाहिला. बावीस वर्षांत फक्त तीनशे दहा तास! भावोजींचा चेहरा उजळला. तपासनीस म्हणाला, बसून राहिलेल्या इंजिनाचे सांधे धरतात, आणि खारट पाणी आत खेळवून थंड होणारे इंजिन तर आतून खात जाते. मग त्याने प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी काढली आणि इंचाइंचाने होडी वाजवायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्. मागच्या भिंतीपाशी आला आणि आवाज झाला, थप्प. फायबरच्या दोन पापुद्र्यांमधले प्लायवूड पाणी पिऊन कुजले होते. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले.

एवढ्यावर भावोजी हटले नसते. "दुरुस्त होईल ना?" त्यांनी विचारले. होईल, पण होडीच्या निम्म्या किमतीत, असे उत्तर मिळाले. ते तोंडातल्या तोंडात हिशेब करू लागले. तेवढ्यात तपासनिसाने भाच्याला हाक मारून विजेरी आत धरायला सांगितली. इंजिनाचा धूर पाण्याबरोबर मागे बाहेर नेणारी रबरी नळी चिरली होती, तिच्यावरच्या पट्ट्या गंजून सुटल्या होत्या आणि आसपास काजळी धरली होती. मधल्या फळीपलीकडे मागचा बिछाना होता. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो, विष तेच. भाचा बराच वेळ आत पाहत राहिला. मग कानातली बोंडे काढून म्हणाला, "बाबा, या बेडवर मी झोपणार होतो ना?"

भावोजींनी वही मिटायची खूण केली.

विसार परत मिळाला. तपासणीचे हजारेक डॉलर मात्र पाण्यात गेले. रुपयांत गुणाकार करायची माझी खोड त्या दिवशी मी आवरली. पण परतताना गाडीत भाचा बोलत होता. नळ्या, पंप, मागचे रबरी भाते, ते फाटले तर पाणी कसे शिरते, सगळे. भावोजी मधून मधून अडाण्यासारखे प्रश्न विचारत होते. त्यांना उत्तरे ठाऊक नव्हती असे मला वाटत नाही.

पुढच्या वसंतात, २०२४ साली, त्यांनी होडी घेतली. बावीस फुटी, गोड्या पाण्याच्या तळ्यातून आलेली. आत जेमतेम दोघे आडवे होतील इतकीच. भाचा स्वतःची हातोडी घेऊन गेला होता म्हणे. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती तळाशी साचते. म्हणून चार मिनिटे पंखा फिरल्याशिवाय तो वडिलांना किल्लीला हात लावू देत नाही.

मी ताईला फोन केला. म्हटले, "मग काय, आता तरी दार उघडं असतं ना?"

"कसलं रे! आता दोघंही गॅरेजमध्ये असतात," ताई म्हणाली, "दार लावून."